गाडीचा आवाज कशासोबत बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पेट्रोलवर चालणारी, पुढची चाकं ओढणारी, मॅन्युअल गिअरची घरची गाडी. ७० हजार किलोमीटर झालेले. ताशी ६०च्या पुढे घूंऽऽ असा आवाज येतो, ९०च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं, आणि खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून डावीकडून टकटक ऐकू येते. एका गॅरेजने टायर बदलायला सांगितले, दुसऱ्याने बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो भाग), तिसऱ्याने सगळं सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी जोडणी). यातलं खरं काय, आणि स्वतःला काही तपासता येईल का?

तपासता येईल, आणि बरंच. मुळात ही तीन वेगवेगळी दुखणी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ती एकाच वेळी लक्षात आली म्हणून एकच कारण शोधलं जातंय, आणि म्हणून प्रत्येक गॅरेजला त्याच्या ओळखीचं काहीतरी सापडतंय.

बहुतेक लोक आवाज कुठून येतो ते शोधायला जातात. केबिनमध्ये बसून कान त्या बाबतीत हमखास फसवतात. पत्र्यातून आणि सबफ्रेममधून (खालच्या सांगाड्यातून) आवाज लांबवर जातो. मागच्या चाकाचं बेअरिंग पुढे ऐकू येतं, डावीकडचं उजवीकडे. म्हणून जागेचा नाद आधी सोडा आणि आवाज कशासोबत बदलतो ते बघा. चाकाच्या वेगासोबत, इंजिनच्या फेऱ्यांसोबत, स्टिअरिंग वळवल्यावर, ब्रेक दाबल्यावर, रस्त्याच्या धक्क्यासोबत, की गाडी थंड-गरम असण्यासोबत? याचं उत्तर मिळालं की संशयितांची यादी आपोआप दोन-तीन सुट्या भागांवर येते.

त्याआधी गाडी रिकामी करा. हे ऐकायला फालतू वाटतं, पण डिकीतला सैल जॅक, नीट न आवळलेली स्टेपनी, सीटखाली घरंगळणारी बाटली, खांबावर आपटणारं मागच्या सीटबेल्टचं बक्कल यांनी भल्याभल्यांना सस्पेन्शन उघडायला लावलं आहे. गाडी थंड असताना चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायर नुकतेच काढून बसवले असतील, तर चाकांचे नट पान्याने तपासल्याशिवाय टेस्ट ड्राइव्हला निघूच नका.

आता पहिली चाचणी. मोकळा, सरळ, सपाट रस्ता. ज्या वेगाला आवाज स्पष्ट येतो तो वेग गाठा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि गाडी घरंगळू द्या. इंजिन मात्र चालू राहिलं पाहिजे. ते बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं; असला प्रयोग करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनचे फेरे आयडलिंगला येतात, चाकं मात्र त्याच वेगाने फिरत राहतात. आवाज तसाच राहिला तर तो टायर, बेअरिंग, चाक किंवा वाऱ्याचा आहे. लगेच गेला तर इंजिन, सायलेन्सर, किंवा ताकद वाहून नेणारा एखादा भाग. याच्या उलट, गाडी उभी करून रेझ दिल्यावर तोच आवाज आला, तर चाकांकडे बघायची गरजच नाही.

तुमचं घूंऽऽ न्यूट्रलमध्येही राहील असा माझा अंदाज आहे. मग प्रश्न उरतो टायर की बेअरिंग, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, कारण दोघांचा आवाज जवळपास सारखा असतो.

टायरचा आवाज रस्त्यासोबत बदलतो. खरखरीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आलात की त्याचा सूर लगेच वेगळा होतो. बेअरिंगला रस्त्याचं सोयरसुतक नसतं. त्याची घरघर फक्त वेग आणि भार ओळखते. म्हणून दुसरी चाचणी भाराची. रस्ता रिकामा असताना ६०-७०च्या वेगात लांबलचक, हलकं डावं वळण घ्या. वजन उजव्या चाकांवर जातं. आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग संशयित. उजव्या वळणावर वाढला तर डावीकडचं. हा नियम बहुतेक वेळा चालतो, शंभर टक्के नाही. म्हणून केवळ यावर बेअरिंग मागवू नका, जॅकवरच्या तपासणीने खात्री करा.

त्यासाठी गाडी जॅकवर उचला, पण हात घालण्याआधी खाली स्टँड लावा. गिअर न्यूट्रलमध्ये असू द्या. चाक हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर हलकेच टेकवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग शांत राहते. खराब असेल तर बारीक करकर बोटांना जाणवते, कानाला ऐकू येत नसली तरी. मग चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगमध्ये होता, कारण ब्रेकने हब (चाकासोबत फिरणारा भाग) आणि नकल (त्याला धरणारा न फिरणारा भाग) एकमेकांना धरून ठेवले. खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा लोअर आर्म (सस्पेन्शनचा खालचा दांडा) बघायला हवा. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक. एवढ्या दोन मिनिटांत अर्धा वाद मिटतो. एक मात्र लक्षात ठेवा: घरघर सुरू झालेल्या पुष्कळ बेअरिंगमध्ये अजून खेळ आलेला नसतो. त्यामुळे ‘चाक हलत नाही, बेअरिंग चांगलं आहे’ हे अनुमान कच्चं आहे.

टायरसाठी डोळ्यांपेक्षा तळहात बरा. ट्रेडवरून (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून) हात गोल फिरवा, एकदा पुढे आणि एकदा उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे जाणवले, तर घूंऽऽचा उगम तोच. शंका राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर, काहीच फरक नाही तर बेअरिंग. टायर बाजूवर दिशेचा बाण असलेले असतील तर त्याच बाजूला पुढचं मागे करा, डावं-उजवं करू नका. आणि टायर असे खाल्ले गेले असतील तर नुसते नवीन घालून भागणार नाही. शॉकअप गेलेला असेल, बुश (सांध्यातलं रबर) फाटलेला असेल किंवा अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलेली असेल. ते आधी नीट करा, नाहीतर नवे टायरही काही महिन्यांत तेच गाणं म्हणतील.

आता ९०ची थरथर. तुमच्या लिहिण्यात एक मोलाची गोष्ट आहे: ती ‘९०च्या आसपास’ येते. ७०ला नाही आणि ११०ला कमी होते का, हे तपासा. तसं असेल तर बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) हा पहिला संशयित. असमतोल चाक सस्पेन्शनला आणि स्टिअरिंगला धक्के देत राहतं. त्या धक्क्यांची गती सस्पेन्शनच्या स्वतःच्या लयीशी जुळली की थरथर फुगते, झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखी. वेग आणखी वाढला की लय चुकते आणि थरथर ओसरते.

आकडे बघा, गंमत वाटेल. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ जवळपास १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन कमी असेल, तर या वेगाला चाक जवळपास अडीच किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढलं जातं, सेकंदाला १३ वेळा. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणूनच गावातल्या गावात गाडी अगदी मऊ चालते आणि महामार्गावर हात झिणझिणतात.

या १३चा आणखी एक उपयोग आहे. मोबाइलमध्ये कंपन मोजणारं एखादं ॲप टाका, फोन दोन सीटांच्या मधल्या कन्सोलवर घट्ट बसवा आणि शेजारच्याला बघायला सांगा. ९०ला कंपन सेकंदाला १३च्या आसपास दिसलं तर ते चाकाच्या एका फेरीला एकदा येतंय: बॅलन्स, वाकलेलं रिम किंवा गोलाई बिघडलेला टायर. त्याच्या तिप्पट, म्हणजे ३९-४०च्या जवळ दिसलं आणि फक्त ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच आलं, तर एक्सलचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट बघा. त्यात तीन रोलर असतात आणि एका फेरीत तीन धक्के देतात. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर ते सेकंदाला ५० फेरे झाले, चाकापासून पुष्कळ दूर. म्हणजे आकडाच सांगतो की गुन्हेगार कोण. मोठ्या वर्कशॉपमधली महागडी यंत्रं हेच करतात, फक्त जास्त अचूकपणे.

स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट आणि फरशी थरथरत असेल तर मागची, हा ढोबळ नियम आहे. बॅलन्सिंगला नेण्यापूर्वी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चिकटलाय का ते बघा. चिखलातून गाडी काढल्यावर अचानक सुरू झालेली थरथर पाण्याच्या फवाऱ्याने जाते. बॅलन्सिंग करताना चाक यंत्रावर फिरत असताना रिमची कड आणि टायरचा माथा डोळ्यांनी बघा. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे डुलत असेल तर वजनं ठोकून काही होणार नाही. अलॉय चाक असेल तर मधलं भोक हबवर नेमकं बसतं का, हबच्या तोंडावर गंज साचलाय का, हेही. नट चौफुली पद्धतीने (एकानंतर त्याच्या समोरचा), टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या. न्यूमॅटिक गनने एका बाजूने कसकसून आवळलेले नट हे त्रासाचं मोठं मूळ आहे.

आणि हो, थरथर घेऊन गेल्यावर कोणी फक्त अलाइनमेंट करून परत पाठवत असेल तर हरकत घ्या. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खातात. त्यातून ठरावीक वेगाची थरथर सहसा येत नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर सगळं वेगळं. पेडल पायाखाली धडधडतं आणि स्टिअरिंग हलतं म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही, किंवा पॅडचा थर तिच्यावर चट्ट्या-चट्ट्यांनी चिकटलाय. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावरची धडधड मात्र एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) असते, तिला घाबरून पाय उचलू नका.

तुमची टकटक. हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर, एकाच बाजूने येणारी हलकी टकटक मी तरी आधी लिंक रॉडवर टाकतो. तो स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) स्ट्रटशी (शॉकअप आणि स्प्रिंगच्या उभ्या जोडणीशी) जोडतो, त्याच्या टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात आणि ते सगळ्यांत आधी सैल होतात. खात्री करायची सोपी युक्ती आहे. रुंद, सरळ गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाकं एकदम जातील अशी हळू गाडी काढा. दोन्ही चाकं एकत्र उचलली गेल्यावर स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, म्हणून लिंक रॉड जवळपास गप्प राहतो. मग तोच गतिरोधक तिरका घ्या, एक चाक आधी, दुसरं नंतर. आता टकटक आली तर लिंक रॉड किंवा बारचा बुश. दोन्ही वेळेला सारखीच आली तर शॉकअप, स्ट्रट माउंट (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला बसतं तो भाग), लोअर आर्मचा बुश यांच्याकडे वळा.

स्ट्रट माउंट उभ्या गाडीतही बोलतं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि दुसऱ्याला बॉनेट उघडून माउंटवर हात ठेवायला सांगा. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखं टंण् झालं तर माउंटमधलं बेअरिंग जाम आहे. लोअर आर्मचा मोठा बुश फाटला की गाडी सुटताना किंवा ब्रेक लावताना एकदाच धप्प होतं, पुन्हा पुन्हा नाही. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर पुढे जाताना लयीत कटकटकट येत असेल तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं आणि रबरी बूट फाटलेला दिसेलच. बूट फाटल्याचं लवकर लक्षात आलं तर नवा बूट आणि ग्रीस यांत काम होतं, उशीर झाला तर जॉइंट जातो.

म्हणून ‘पूर्ण सस्पेन्शन’ हा सल्ला मला पटत नाही. ७० हजारांत एखादा बुश, एखादा लिंक रॉड जाणं समजू शकतं. कोणता भाग, त्यात किती खेळ, हे पहारीने दाबून समोर दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर बदलूही नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच घराण्यातले इंजिनकडचे आवाज थोडक्यात सांगतो. सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक होऊन थांबत असेल तर टॅपेटपर्यंत (इंजिनच्या वरच्या भागातल्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेपर्यंत) ऑइल पोहोचायला वेळ लागतोय. आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड बघा. थंड असताना फटफट आणि गरम झाल्यावर कमी, तर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ) गळती. धातू तापून फुगतो आणि फट मिटते. ही गळती केबिनमध्ये विषारी वायू आणू शकते, म्हणून लांबणीवर टाकू नका. एका ठरावीक रेझवरच झणझणतो तो बहुतेक वेळा सायलेन्सरवरचा सैल पत्रा. क्लच पेडल दाबल्यावर येणारी चरचर क्लचच्या रिलीज बेअरिंगची. पेडल सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येणारी आणि दाबल्यावर जाणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. सिग्नलला उभं असताना एसी चालू केल्यावर सगळी गाडी थरथरते आणि थोडा रेझ दिल्यावर शांत होते, तेव्हा इंजिन माउंटिंग बसलं असेल किंवा इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल. मिसिंग असेल तर स्कॅनर कोणता सिलिंडर ते सांगतो. माउंटिंगचा कोड कुठलाच स्कॅनर दाखवत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

काही आवाज बिघाडाचे नसतात. इंजिन बंद केल्यावर थंड होणाऱ्या सायलेन्सरची टिकटिक, फॅन थोडा वेळ चालत राहणं, गाडी सुटताना एबीएसच्या स्वतपासणीचा एक खट्ट, पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गंज धरलेल्या डिस्कची पहिल्या दोन-चार ब्रेकची खरखर. बराच काळ एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे टायर सुरुवातीला धपधपतात आणि गरम झाल्यावर गोल होतात. अचानक चाकातून कर्कश किंकाळी सुरू झाली, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. गाडी थोडी मागे-पुढे केली की तो बऱ्याचदा पडतो.

याउलट, काही आवाजांनंतर गाडी पुढे नेऊ नये. इंजिनच्या तळातून भार घेताना येणारी जड ठकठक, त्यात ऑइलचा लाल दिवा लागला तर तत्काळ इंजिन बंद. ब्रेकमध्ये धातूवर धातू घासल्याचा आवाज. ताशी २०-४०च्या वेगातही स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलणं, म्हणजे टायरच्या आतला पट्टा सुटत असल्याची शक्यता. ट्रेडवर किंवा बाजूवर फुगवटा शोधा आणि मिळाला तर स्टेपनी लावा. सैल नटांमुळे चाकाजवळ येणारी खडखड. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी झटके देतेय, तर तशीच दामटल्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जळू शकतो.

तुमच्या गाडीचं काम मी या क्रमाने करेन: आधी टायरवर हात फिरवणं आणि पुढचं-मागे, मग चारही चाकांचं बॅलन्सिंग, मग जॅकवर बेअरिंग आणि लिंक रॉड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. तीन भाग एकदम बदलले तर आवाज कशाने गेला ते कळणार नाही, आणि गेलाच नाही तर काय उरलं तेही. गॅरेजमध्ये जाताना ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगू नका. वेग, गिअर, वळण, ब्रेक, गाडी थंड की गरम हे कागदावर लिहून द्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज स्वतः ऐकवा. शक्य असल्यास सोबतच्या माणसाला रेकॉर्डिंग करायला सांगा, आणि ते चालू असताना वेग मोठ्याने बोला.

शेवटी बेअरिंगच निघालं, तर बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. ते हातोड्याने ठोकून नव्हे, प्रेसवर दाबून बसवायला हवं. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडावर एबीएस सेन्सरसाठीची चुंबकीय रिंग असते. ती बाजू उलटी बसली की घरघर जाते आणि एबीएसचा दिवा लागतो. आणि हब नट जुनाच ठोकून परत लावू नका, बहुतेक ठिकाणी तो एकदाच वापरायचा असतो. नवा नट ठरलेल्या टॉर्कला आवळून झाल्यावरच चाकावर गाडीचं वजन टाकायचं.